तेवीस पायऱ्यांची वही

नारायण पेठ, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या घोट्याचं प्लास्टर कधी निघणार, असं तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील तेव्हा." बहीण माझीच असल्यामुळे उत्तराचं आश्चर्य वाटलं नाही. लिफ्ट असलेल्या सोसायटीत राहून जिन्यात पाय मोडून घेणारी आपल्या घरातली तू पहिलीच. तर आता सक्तीने घरी बसलीच आहेस, तेव्हा एक काम सांगतो.

फोन करत नाही. फोनवर मुद्दे निसटतात, शिवाय आमच्या दोन खोल्यांत एकीकडे बोललेलं दुसरीकडे जसंच्या तसं ऐकू येतं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने हे लिहावं यातली गंमत मला कळते, तू हसू नकोस.

तुझ्या मामीची दृष्टी गेल्या सहा वर्षांत कशी होत गेली ते तुला माहीत आहे. तिला कडेचं दिसतं, मधलं नाही. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पान दिसतं, अक्षर दिसत नाही. जन्मभर वाचत आलेली बाई ती. म्हणून मी अडुसष्टाव्या वर्षी प्रोग्राम लिहायला शिकलो आणि 'वाचनिका' तयार केली. पुस्तकाची पानं स्कॅन करून 'वाच' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली, की ती मराठीतून मोठ्याने वाचून दाखवते. श्यामला तिला नुसतं 'बाई' म्हणते.

बाईची अडचण एवढीच की तिला अधूनमधून नव्याने उभी करावी लागते. कॉम्प्युटरमध्ये काही बदललं की ती मुकी होते. मग तिचे सगळे सुटे भाग घेऊन, क्रमाने जुळवून, पुन्हा चालता प्रोग्राम तयार करायचा. तुम्ही लोक त्याला बिल्ड म्हणता. हे सध्या जगात एका माणसाला येतं, आणि तो मी. ते तुलाही यावं असं मला वाटतं. सगळी कृती वहीत तेवीस पायऱ्यांत लिहून काढली आहे, तिचे फोटो आणि प्रोग्रामचं मूळ फोल्डर सोबत पाठवतो. १० मार्चच्या आत एकदा तुझ्या कॉम्प्युटरवर करून दाखव. त्यानंतर आठ-दहा दिवस मी कोकणात जाणार आहे आणि तिकडे नेटवर्क नसतं.

जावईबापूंना नमस्कार. तुला उचलून न्यावं-आणावं लागत असेल तर त्यांना दोन नमस्कार.

तुझा,
अनंतमामा


खराडी
५ फेब्रुवारी

प्रिय अनंतमामा,

वाकून नमस्कार करता येत नाही, पाय स्टुलावर आहे. लेखी समजून घे.

तुझी वही वाचली आणि इतकी हसले की आमोद मीटिंग सोडून बघायला आला. पायरी नऊ: 'आता सात मिनिटे लागतील. चहा ठेवावा.' पायरी दहा: 'चहा गाळावा.' पायरी चौदा: 'नेहमीप्रमाणे करावे.' मामा, नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे? पायरी सतराच्या बाजूला लाल शाईने 'विसरू नये!!' असं लिहिलंयस, पण काय विसरू नये ते लिहायला तूच विसरलास. काल अख्खा दिवस बसले आणि चौदाव्या पायरीवरून कोसळले. या वर्षातला दुसरा अपघात.

आता माझं ऐक. आमच्या टीममध्ये नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी ती कुणालाही काहीही विचारत नाही. प्रोजेक्टचं फोल्डर उघडते, 'मेक' असं टाइप करून एंटर मारते, प्रोग्राम तयार. 'मेक टेस्ट' म्हटलं की तो नीट चालतोय का, याची तपासणी होते. 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की तो जागेवर बसतो. आणि 'मेक क्लीन' म्हटलं की तयार झालेलं सगळं पुसून पाटी कोरी होते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ सुरुवात. कुठल्याही कंपनीत जा, कुठल्याही देशात जा, हेच ठरलेले शब्द. त्यामागे तेवीस पायऱ्या असोत नाहीतर तेवीसशे, त्या करणाऱ्याला दिसतही नाहीत.

तुझी वही मी या चार शब्दांत बसवून देते. फक्त चौदा आणि सतराचा खुलासा कर.

मामीला पापा.

वल्लरी


नारायण पेठ
९ फेब्रुवारी

चि. वल्लरी,

तुमच्याकडची नवीन मुलगी पहिल्या दिवशी कुणालाही काहीही विचारत नाही, हे वाचून वाईट वाटलं. मग ओळख कशी होते तिची? मी खात्यात लागलो तेव्हा तीन महिने नुसता विचारत होतो. त्यातले दोघे अजून दिवाळीला फोन करतात.

खुलासे. पायरी चौदा: नेहमीप्रमाणे म्हणजे माझ्या नेहमीप्रमाणे. इथे दुसरं आहे कोण? कृती वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहे. पायरी सतरा: पंखा बंद करायला विसरू नये, वहीची पानं उडतात.

चार शब्दांचं तू म्हणतेस ते मला पटलेलं नाही. स्वयंपाकघरात एक बटण दाबलं की पोळी बाहेर, असं झालं तर पोळी करणारीला कुणी हाक तरी मारेल का? पण तुझं पत्र श्यामलेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "चार शब्द बरे. तुम्ही कोकणात असताना बाई बसली तर मी काय तुमच्या वहीतला चहा पीत बसू?" घरात बहुमत तिचं असतं, त्यामुळे तू पाठव.

तुला बाईचं कौतुक वाटावं म्हणून एक सांगतो. ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचं मराठी ऐकवत नव्हतं. आवाज विकत मिळतो तो हिंदी वळणाचा. 'चाक', 'झाड', 'जावई', सगळं परक्या घरचं वाटायचं. खडकवासला म्हणताना 'खडक' म्हणून थांबायची, मग विचार केल्यासारखं 'वासला' म्हणायची. श्यामलेने शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला, तिला ते सहन होईना. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता आम्ही बसतो. बाई वाचते, श्यामला बोट वर करते, मी थांबवतो, ती शब्द नीट म्हणून दाखवते, मी तो यादीत घालतो. चार वर्षांत एक हजार एकशे नव्वद शब्द झाले. आता बाई बोलते ते अगदी श्यामलेच्या घाटणीचं. परवा तर रागावल्यासारखी वाटली.

तुझा,
अनंतमामा


खराडी
१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

झालं! सोबत एक छोटी फाइल पाठवतेय, ती मूळ फोल्डरमध्ये ठेव. तुझ्या तेवीस पायऱ्यांपैकी एकवीस तिच्यात आहेत. चहा आणि पंखा तुझ्याकडे ठेवलेत.

आता वही मिटायची. पहिल्यांदा करतोयस म्हणून आधी 'मेक क्लीन' कर, म्हणजे जुनं काही मध्ये येणार नाही. मग 'मेक'. बस. माझ्याकडे एका दमात झालं. बाई माझ्याशीही बोलली, थोडी परक्यासारखी बोलली, पण बोलली.

एक विचारू? तुला या सगळ्याची इतकी घाई का, यावर आमोद आणि मी बोलत होतो. आमोद म्हणाला, रिटायर्ड माणूस आहे, आपल्या कामाकडे कुणीतरी बघावं असं वाटत असेल. तसं असेल तर सरळ सांगायचंस ना मामा. मी बघितलंय तुझं काम, सगळं उघडून बघितलंय, आणि आमच्याकडच्या निम्म्या लोकांपेक्षा स्वच्छ आहे. कोकणातून आलास की निवांत बोलू. कोकणात कुणाकडे चाललायस पण? आपलं तिकडे कोणी नाही.

वल्लरी


नारायण पेठ
१७ फेब्रुवारी

चि. वल्लरी,

आज दुपारी चारला तू सांगितलंस तसं मेक क्लीन केलं. मग मेक. चाळीस सेकंदांत तयार झाली. चहाला आधणसुद्धा आलं नव्हतं.

श्यामलेला हाक मारली. बाईने पहिलं पान वाचलं. सगळे शब्द चार वर्षांपूर्वीचे. श्यामलेने बोट वर केलं नाही. एवढंच म्हणाली, "ही कोण आणलीत?"

यादी मी 'तयार' फोल्डरमध्ये, म्हणजे बनवलेला प्रोग्राम जिथे जमा होतो तिथे ठेवत होतो, आणि क्लीनने तेच फोल्डर पुसलं. तिथेच उघडायचो, तिथेच दुरुस्त करायचो, तिथेच ठेवायचो. मूळ फोल्डरची प्रत दर रविवारी न चुकता काढतो. तयारची कधी काढली नाही. म्हटलं, तयार काय, पुन्हा होतं.

तुझी चूक नाही. पायाला जप.

अनंतमामा


खराडी
१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

मामा, फोन उचल ना. सहा वेळा केला.

चूक माझीच आहे, आणि ती मी आता लिहूनच सांगितली पाहिजे. 'क्लीन' या शब्दाचा सगळ्या जगात एकच अर्थ असतो: मुळापासून जे पुन्हा बनवता येईल, ते पुसून टाक. तुझी यादी तयारच्या फोल्डरमध्ये होती, म्हणून मशीनने धरून चाललं की मामीचे कान पुन्हा बनवता येतात. मशीनला दोष कसा देणार? मला मूळ फोल्डरमध्ये एक यादी दिसली होती. तिच्यात चाळीसच शब्द होते. तू तर मला एक हजार एकशे नव्वद लिहिले होतेस. मी म्हटलं, उरलेली कुठेतरी ठेवली असेल मामाने. विचारलं नाही. तुला आमच्या नव्या मुलीचं कौतुक सांगत होते ना, की ती काही विचारत नाही? ती मीच.

पुसलेलं परत मिळतं का बघते. कॉम्प्युटरवर काहीही नवीन ठेवू नकोस, बंद करून ठेव. आमोदला उद्या पाठवते.

मामा, सॉरी. फोन उचल.

वल्लरी


नारायण पेठ
२२ फेब्रुवारी

वल्लरी बाळा,

हे पत्र मी मोबाइलला तोंडी सांगते आहे, पूर्णविराम कुठे पडतील त्याची जबाबदारी त्याची. तुझा मामा औषध आणायला खाली गेला आहे, तो येईपर्यंत सांगून होईल इतकं सांगते.

आमोद येऊन गेला, बिचारा चार तास बसला, पण हाती काही लागलं नाही. तुझ्या मामाने पुसल्यावर लगेच सगळं नव्याने बनवलं होतं, त्यात जुन्याची जागा गेली म्हणे. तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. चार वाजले की कॉम्प्युटरसमोर जाऊन बसतात आणि तो चालू करत नाहीत. मी म्हटलं, अहो, गेली तर गेली, पुन्हा करू, मला कुठे जायचंय? तर म्हणाले, "आता वेळ नाही तेवढा."

त्यांना वाटतं, का वेळ नाही ते मला ठाऊक नाही. मला दहा दिवस झाले ठाऊक होऊन.

त्याचं असं झालं. बारा तारखेला, बुधवारी, मी एकटीच ऐकत बसले होते. एका प्रवासवर्णनाचं सतरावं प्रकरण संपलं आणि बाई त्याच आवाजात, त्याच ठेक्यात पुढे वाचू लागली, "मी, अनंत विनायक गोंधळेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, माझ्या हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेस राजीखुशीने संमती देत आहे." क्षणभर मला वाटलं लेखकच वाटेत आजारी पडला. मग नाव कानात शिरलं. ह्यांनी हॉस्पिटलचा कागद स्कॅन केला आणि सवयीने माझ्या पुस्तकांच्या फोल्डरमध्ये टाकला. बाईने तो इमानाने वाचला, तारखेसकट. अकरा मार्च. तेच ह्यांचं कोकण.

मी तेव्हाही काही बोलले नाही. वाटलं, सांगतील. बावन्न वर्षांत ह्या माणसाने माझ्यापासून काही लपवलेलं टिकलेलं नाही, पण सांगायचं ते त्यांनीच सांगावं असं मला वाटतं. आता मात्र मला भीती वाटते, बाळा. डॉक्टर म्हणे मन शांत ठेवा म्हणतात, आणि हे असे. त्यांना वाटतं, जाण्याआधी माझी सोय लावायची होती आणि तीच त्यांच्या हातून मोडली. तुला जिना चढता येत नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते, काहीतरी कर. आम्हा दोघांना तूच आहेस.

पावलं वाजली. थांबते.

तुझी मामी


खराडी
२३ फेब्रुवारी

प्रिय मामी,

हे पत्र मी तुझ्या मोबाइलवर पाठवतेय, तो तुला वाचून दाखवेल. कानाला लावून ऐक, मामा बाजूला नसताना.

काल तुझं पत्र वाचून आधी खूप रडले. मग मामावर चिडले. मग स्वतःवर, कारण तो मला तारखा देत होता, कोकण सांगत होता, आणि मी त्याला कंटाळा आलाय असं समजून शाबासकी देत होते.

मग डोकं चाललं. मामी, वाचनिका आणखी कुणाकुणाला दिली होती? मामाचा ईमेल मीच सुरू करून दिलेला, पासवर्ड माझ्याकडे आहे, म्हणून त्याचे जुने ईमेल चाळले. तीन जणांना दिली होती. एक वारले, एकांनी नवीन कॉम्प्युटर घेतला. तिसरे येरवड्याचे आप्पासाहेब, खात्यातले. त्यांना मामाने दिवाळीपासून चार वेळा लिहिलंय की नवी आवृत्ती घेऊन जा, आणि चारही वेळा त्यांचं एकच उत्तर: 'चालते आहे, हात लावणार नाही.' म्हणजे त्यांच्याकडे मागच्या दिवाळीत मामाने स्वतः बसवून दिलेली बाई अजून तशीच्या तशी आहे!

आज सकाळी आमोद गेला होता. आप्पासाहेबांनी त्याला दारातच विचारलं, "अपडेट करायला आलात का? मग आल्या पावली जा." त्याने सगळं सांगितल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली. मामी, यादी मिळाली. एक हजार तीस शब्द. तुझ्या आवाजाच्या वळणाचे, जसेच्या तसे. दिवाळीनंतरचे एकशे साठ तेवढे गेले.

मी बुधवारी येतेय. कुबड्या आहेत, आमोद आहे, तीनच मजले आहेत. मामाला आधी सांगू नकोस, नाहीतर तो पायऱ्यांच्या सूचना लिहून पाठवेल.

वल्लरी


नारायण पेठ
८ मार्च

चि. वल्लरी,

तू येऊन गेल्याला दहा दिवस झाले, आणि तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते आता लिहितो. परवा ऑपरेशन नाही, तेरवा आहे. उद्या दाखल व्हायचं आहे, म्हणून आज.

जिन्यात तुझ्या कुबड्यांचा आवाज आला तेव्हा मला वाटलं वरच्या मजल्यावर फर्निचर चाललंय. दार उघडलं तर तू घामाघूम, आणि मागे जावईबापू कॉम्प्युटर घेऊन. श्यामला आतून म्हणाली, "या, कोकणात जाण्याआधी भेट झाली." त्या क्षणी मला कळलं की हिला सगळं माहीत आहे. तुम्ही गेल्यावर तिने मला जे सुनावलं ते लिहीत नाही. पण नंतर आम्ही बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसलो होतो, असं या आधी कधी बसलो होतो ते दोघांनाही आठवेना.

यादी आता मूळ फोल्डरमध्ये आहे. प्रती तीन ठिकाणी. तू 'मेक टेस्ट'मध्ये एकूण एक शब्द घातलास, बाई आपला प्रत्येक उच्चार त्यांच्याशी ताडून बघते, हे मला फार आवडलं. आता यापुढे कुणी काही पुसलं तर बाई स्वतःच बोंब मारेल. गेलेल्या एकशे साठपैकी चौऱ्याण्णव आम्ही पुन्हा पकडले. रोज चारला बसतो. काल मेक क्लीनसुद्धा केलं, मुद्दाम.

मी वहीला का चिकटून होतो ते सांगतो. चार शब्दांत सगळं आलं, तर पाचवा मी कशाला, असं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे मूर्खपणा. माझ्यामागे श्यामलेचं वाचन चालू राहावं म्हणून मी ती वही लिहिली. बारीक अक्षरात, तेवीस पायऱ्या, लाल शाईने खुणा. तिला अक्षर दिसत नाही, हे लिहिणाऱ्याला सबंध वही होईपर्यंत सुचलं नाही. बावन्न वर्षं मी तिच्यासमोर कागद ठेवत आलो आणि ती वाचत आली, त्याची ही सवय.

ऑपरेशनची भीती वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तुला खरं सांगतो, वाटते. मरणाची फारशी नाही. डोळ्यांसमोर चित्र येतं ते असं: मी नाही, एक दिवस बाई मुकी झाली, आणि श्यामला खुर्चीत बसली आहे. नुसती बसली आहे. म्हणून परवा तिला म्हटलं, ये, कीबोर्डवर बोटं ठेव, एकच शब्द आहे, शिकवतो. तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, "ते तुमचं काम आहे. परत आलात की करा." दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच. ती हट्टी आहे असं नाही. मी परत येणार नाही, असं धरून तिला शिकायचं नाही.

तुला जमलं तर तूच शिकव. नाही जमलं तर अधूनमधून येत जा.

तुला मुलगी म्हणायचं कधी धाडस केलं नाही, तुझी आई रागावेल म्हणून. आज म्हणतो.

तुझा,
अनंतमामा


नारायण पेठ
१५ मार्च

अहो,

हे पत्र मी बोलले आणि वल्लरीने कागदावर छापलं, कारण तुमच्या वॉर्डात मोबाइल देत नाहीत. चष्मा पाठवला आहे. पत्र वाचताना धाप लागली तर थांबा, पत्र कुठे जात नाही.

अकरा तारखेला तुम्हाला आत नेलं तेव्हा डॉक्टर चार तास म्हणाले होते, लागले सात. मग दोन दिवस तुमच्या घशात नळी होती आणि तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. हे तुम्हाला आठवत नसेल. मला त्या दोन दिवसांतला तास न् तास आठवतो. वल्लरी मला रोज बळेच घरी पाठवायची, आमोद पोचवायचा आणि शेजारच्या नम्रताताई सोबतीला यायच्या.

बारा तारखेला घरी आले, बाईला सुरू केलं, तर ती बोलेना. कॉम्प्युटरने आपण होऊन काहीतरी नवीन घेतलं होतं म्हणे. तुम्ही वल्लरीला जे चित्र लिहिलं होतंत, मी नुसती खुर्चीत बसल्याचं, ते तिने मला सांगितलं आहे, तिच्यावर रागावू नका. तर ते चित्र बरोबर होतं. मी बसले. तो दिवस बसले, दुसरा दिवस बसले. वल्लरी म्हणाली, मी करून देते, एक मिनिटाचं काम आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, मग तू कर. म्हटलं, ते ह्यांचं काम आहे.

तिने माझ्या नकळत कीबोर्डच्या चार कळांवर टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या, आणि एंटरवर एक मोठी. क्रम फोनवर तीन वेळा सांगितला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

तेरा तारखेला संध्याकाळी तिचा हॉस्पिटलातून फोन आला. नळी काढली, डोळे उघडले आणि पहिलं काय बोललात ते तिने सांगितलं. तुम्ही विचारलंत, "श्यामला काय करतेय?" तिने बाई बंद पडल्याचं तुम्हाला सांगितलं नाही, म्हणाली, बरी आहे. मी फोन ठेवला. थोडा वेळ रडले, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. मग उठून तुमच्या खुर्चीत बसले. तोवर मी तिथे कधीच बसले नव्हते. बोटाने टिकल्या शोधल्या आणि शब्द दाबला. एकदा चुकला, पुन्हा दाबला. मग मोठी टिकली. काही होईना, मला वाटलं बिघडवलं. आणि मग बाई बोलली. सतरा प्रकरणं झालेलं ते प्रवासवर्णन तिने अठराव्यापासून वाचायला घेतलं, शुद्ध, स्पष्ट, माझ्यासारखं.

डोळे उघडल्याचं कळायच्या आधी मी ते केलं नसतं, हे लक्षात ठेवा.

काल सकाळी पुन्हा केलं, नीट येतं का बघायला. येतं. आज नम्रताताईंनाही दाखवलं, त्यांनी तोंडात बोट घातलं. तर आता तुम्हाला स्पष्टच सांगते. बाई उभी करायला तुमची गरज राहिलेली नाही. औषधं आमोद आणतो, बिलं वल्लरी बघते, पुस्तकं नम्रताताई स्कॅन करतात. मी सगळ्या बाजूंनी विचार केला, घरातल्या एकाही कामासाठी आता तुमच्यावाचून अडत नाही.

म्हणून यायची घाई करा. मला काही काम नाही तुमच्याशी. मला तुम्ही हवे आहात.

तुमची,
श्यामला